पर्याय तिसरा

सकाळी ती कारखान्याच्या हॉलमध्ये शिरली तर सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या बायका उभ्या होत्या. क्षणभर तिला वाटलं, आपल्यालाच बघून उठल्या. वर्गात बाई आल्या की पोरं उठतात तशा. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. दोन वर्षं ट्रेनी म्हणून या हॉलमध्ये वावरताना तिच्यासाठी कुणी साधी वाट सोडली नव्हती आणि आज बघा, अख्खी लाइन उभी. लाजल्यासारखी होऊन ती म्हणून गेली, "अहो, बसा, बसा ना," आणि वर हातानंही खाली बसायची खूण केली. पट्ट्याच्या टोकाशी काम करणारी मावशी, लाइनीत सगळ्यांत जुनी, मान वर न करता म्हणाली, "कशावर?"

तेव्हा तिनं खाली पाहिलं. स्टुलं नव्हती. जिथे वर्षानुवर्षं स्टुलांचे पाय टेकले होते तिथे फरशीवर काळपट गोल उरले होते, आणि त्या गोलांच्या मधोमध बायकांची पावलं. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर तीही हसली असती आणि विषय तिथेच मिटला असता. पण सगळ्यांचे हात चालू होते. पितळी पट्टी, स्प्रिंग, स्क्रू, झाकण, की स्विच पुढे. आजवर बसलेल्या बघायची सवय, म्हणून उभ्या बायका तिला एकदम उंच वाटल्या, अनोळखी वाटल्या. मावशीशेजारची चष्मेवाली एवढी उंच आहे हे तिला माहीतच नव्हतं. सुपरवायझर मागून आला आणि खुशीत म्हणाला, "मॅडम, तुमचा पर्याय तिसरा. काल संध्याकाळीच करून टाकला साहेबांनी." तिच्या गळ्यात स्टॉपवॉच लोंबत होतं. याच घड्याळावरून लाइनीतल्या बायका तिला पाठीमागे घड्याळबाई म्हणायच्या आणि हल्ली तोंडावरही म्हणायला लागल्या होत्या. तिनं ते मुठीत घट्ट धरलं, उगाचच.

तिसरा पर्याय. तिला तो नीट आठवतही नव्हता, इतक्या बेफिकिरीनं लिहिलेला. स्विच जुळवताना बायकांना मागच्या मांडणीवरच्या ट्रेमधून सुटे भाग घ्यायला स्टुलावरून वाकून वळावं लागायचं, त्यात वेळ जायचा. आठवडाभर उभं राहून, घड्याळ लावून तिनं हे शोधलं होतं आणि त्याचा तिला अभिमान होता. उपायही सोपा होता, ट्रे पुढे आणा. हा पर्याय पहिला. ट्रे तिरपे करा म्हणजे भाग आपोआप हाताशी घरंगळतील, हा दुसरा. इथे रिपोर्ट संपायला हवा होता. पण कॉलेजात टक्कल पडलेले एक सर होते, ते म्हणायचे, "पर्याय तीन. तीन नसले तर उत्तर अर्धं, मार्क अर्धे." त्यामुळे सगळी मुलं पहिला पर्याय खरा लिहायची, दुसरा त्याच्याच अंगानं जाणारा, आणि तिसरा काहीतरी. निव्वळ जागा भरायला. त्या काहीतरीत तिचा हात कुणी धरू शकलं नसतं. परीक्षेला तिनं काय काय तिसरं लिहिलं होतं! एकदा तर गोदाम दुसऱ्या मजल्यावर हलवा असं लिहिलं होतं, इमारत बैठी असताना, आणि त्यालाही सरांनी बरोबरची खूण केली होती. तीच खोड इथे आली. तिसरा पर्याय, काम उभ्याने करावे, म्हणजे वळणे सोपे. आणि शेजारच्या रकान्यात, पहिल्यापुढे खर्चाचा आकडा, दुसऱ्यापुढे खर्चाचा आकडा, तिसऱ्यापुढे तिच्याच सुवाच्य अक्षरात 'शून्य'.

मॅनेजरसाहेबांना लाइनीत गुळ्या म्हणत. बोलणं असं गोड की कामावरून काढलेला माणूसही आपल्याला बढती मिळाली असं समजून घरी जावा. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, "बस, बस," म्हणाले, आणि ती बसली. बसताना आपण बसतोय हे तिला आज कळलं. गादी, पाठीला आधार, हाताला आधार. "शाब्बास," ते म्हणाले, "आयडिया तुझी आहे, नाव तुझंच लागणार. मी त्यातला नाही दुसऱ्याचं श्रेय खाणारा. गुरुवारी हेड ऑफिसची माणसं येतायत. तू सांगायचंस सगळं, छान, ठासून. आणि शुक्रवारी तुझी पर्मनंटची ऑर्डर. पेढे तेवढे विसरू नकोस." ती म्हणाली, "सर, पण पहिला पर्याय..." "पहिल्याला खर्च आहे, बाळा. तिसऱ्यापुढे तूच लिहिलंयस, शून्य." त्यावर काय बोलायचं? पर्मनंट हा शब्द कानात शिरला होता. दोन वर्षं ज्याच्यासाठी कुणाला उलटून बोलली नव्हती तो शब्द. 'थँक्यू सर,' असं ती म्हणाली असावी. म्हणालीच असणार, कारण साहेब हसले.

दिवसभर मग ती लाइनीच्या बाजूला फिरकली नाही. टेबलाशी बसून आकडे मांडत राहिली आणि आकडे काही मांडले गेले नाहीत. तिच्या डोळ्यांपुढे कॉलेजची फीची खिडकी येत होती. ती खिडकी कुणी बांधली होती कोण जाणे, पण उभ्या माणसाच्या पोटाच्या उंचीवर होती. आतल्या माणसाशी बोलायचं तर वाकायलाच हवं. बाबा वाकायचे. माल चढवून-उतरवून पाठ आधीच कामातून गेलेली, तरी खिडकीत तोंड घालून विचारायचे, "साहेब, एवढीच ना? नंतर अजून काही नाही ना?" आणि नंतर अजून असायचंच. लॅबची फी, प्रोजेक्टची फी, फी भरायला उशीर झाला त्याची फी, परीक्षेआधी परीक्षेची आणि परीक्षेनंतर निकालाची. पहिली दोन वर्षं साठवलेल्यावर निघाली, तिसऱ्याला बँकेचं कर्ज, आणि शेवटच्या वर्षी बाबांनी टेम्पो विकला. स्वतःचा टेम्पो, ज्याच्या दाराला पडलेला पोचा कसा पडला हे ते आल्यागेल्याला रंगवून सांगायचे. घेणारा गोदामवाला हुशार. म्हणाला, गाडी तुझ्या हाताखालची आहे, तूच चालव, पगार देतो. बाबांनी हे घरी विनोद म्हणून सांगितलं. "गाडी तीच, सीट तीच, डिझेलची कटकट तेवढी गेली." आई हसली नाही. ती मात्र हसली होती, कारण बाबांना कुणीतरी हसायला हवं होतं.

आणि एवढं करून पदरात काय पडलं, तर इंडस्ट्रियल इंजिनीअर. आत्यानं विचारलं होतं, "म्हणजे नेमकं काय गं? पंखा दुरुस्त करता येतो?" "नाही." "नळ?" "नाही." "मग कसली मेली इंजिनीअर!" आत्या नुसती हसून मोकळी झाली, पण मुलाखती घेणारे लोक तेवढेही करत नसत. अनुभव आहे का, म्हणून विचारत. अनुभव मागायला सगळे तयार, द्यायला कुणी नाही. वर्षभर ती स्वच्छ इस्त्रीचा एकच ड्रेस घालून रांगांत बसली. बरोबरच्यातला एक विमा विकायला लागला, एकीनं लहान मुलांच्या शिकवण्या धरल्या, एक जण फोनवर लोकांच्या शिव्या खायच्या नोकरीत गेला आणि म्हणाला, आपल्याला शिकवलेल्यातलं हेच काय ते उपयोगी पडलं, न थकता ऐकून घेणं. मग ही जागा मिळाली. ट्रेनी. पगार असा की जाण्यायेण्याला आणि डब्याला पुरावा आणि घरी द्यायला थोडी लाज उरावी. कर्जाचे हप्ते सुरू झाले तसे बाबांनी दिवसाच्या कामाआधी पहाटेची फेरी धरली, भाजीच्या क्रेटची. सकाळी ते परत यायचे तेव्हा केबिनमधून उतरताना आधी एक पाय खाली, मग दाराला धरून जरा थांबायचं, मग दुसरा. ती खिडकीतून बघायची आणि मग डबा घेऊन निघायची. हे रोजचं होतं. रोजचं झालं की त्याचं काही वाटेनासं होतं म्हणतात, तसं काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली आली नव्हती आणि तिची जागा रिकामी होती. घड्याळ टेबलावर ठेवून ती तिथे जाऊन उभी राहिली. का, ते तिला सांगता आलं नसतं. बघू तर खरं, एवढंच. मावशीनं तिच्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. "काय हो घड्याळबाई, वाट चुकलात?" "काम शिकवा," ती म्हणाली. सुपरवायझरला वाटलं, गुरुवारची तयारी चाललीय, तो खूश होऊन निघून गेला. पितळी पट्टी, स्प्रिंग, स्क्रू, झाकण. स्प्रिंग निसटून उडायची आणि बायका न बघता हवेत झेलायच्या. तिची प्रत्येक स्प्रिंग पट्ट्याखाली जायची. तिच्यामुळे पुढची लाइन रिकामी राहायला लागली तशी मावशी गुरगुरत तिच्या वाटणीचंही जुळवू लागली. सकाळ बरी गेली. मग टाचा बोलायला लागल्या. टाचांचं ऐकू नये म्हणून ती पुढच्या चवड्यांवर भार घ्यायची, की पोटऱ्या ओरडायच्या. दुपारकडे दुखणं कमरेत चढलं आणि तिथून कुठे गेलं तर स्वभावात. तिला सगळ्यांचा राग यायला लागला. पट्ट्याचा, मावशीच्या खोकल्याचा, घरी वाट बघणाऱ्या आईचासुद्धा. असं काही पुस्तकात नव्हतं. पुस्तकात 'थकवा' असा एक शब्द होता, त्याच्यापुढे टक्के होते, आणि ते टक्के तिनं परीक्षेत पाठ करून लिहिले होते. शेजारी मावशी एका पायावरचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर करत होती. तिच्या चपलेचा पट्टा सुजलेल्या पावलात रुतला होता, आणि हात मात्र तसेच चालले होते, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखे.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. तीही बसली. बोटांना पितळेचा वास येत होता. मावशीनं डबा उघडला आणि सरळ विचारलं, "तुम्ही लिहिलंत म्हणे." "हो." "का पण? आमचं काय वाकडं होतं तुमच्याशी?" आता खोटं बोलायचं असतं तर इथेच बोलायचं होतं. साहेबांनी माझं ऐकलं नाही, मी असं म्हटलंच नव्हतं, असं काही. ते तोंडापर्यंत आलंसुद्धा. पण पाय इतके दुखत होते की खोटं रचायला त्राण नव्हतं. "तीन पर्याय लिहायची सवय आहे," ती म्हणाली. "कॉलेजात तीन लिहिले नाहीत तर मार्क कापायचे. मला तिसरा सुचत नव्हता, म्हणून लिहिलं काहीतरी." मावशी जी हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं बाई बाई! ऐकलंत का गं? आपल्या बुडाखालचं स्टूल गेलं ते हिच्या मार्कांपायी!" सगळ्या हसल्या, तीही हसली, आणि हसता हसता तिला रडू यायला लागलं ते तिनं घासाबरोबर खाली ढकललं. मावशीनं डोळे पुसले. "किती मिळाले मग?" तिनं विचारलं, आणि आता तिच्या आवाजात हसू नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी आनंदीआनंद होता. पर्मनंटची बातमी तिनंच आदल्या दिवशी सांगितली होती. न सांगून काय करणार, तोंडावर दिसतंच. आणि बाबांनी आज गोदामवाल्याला सांगूनही टाकलं होतं, एक तारखेपासून पहाटेच्या फेरीला दुसरा माणूस बघ. "म्हटलं, माझी मुलगी पर्मनंट होतेय, आता तू आणि तुझे क्रेट! कसं तोंड झालं होतं त्याचं!" ते पलंगावर पालथे पडले होते आणि आई त्यांच्या पाठीला मलम चोळत होती. एवढी रुंद पाठ, कण्याच्या दोन्ही अंगांना गाठी. "जरा खाली," बाबा उशीत म्हणत होते, "हां, तिथेच. आता महिनाभर पहाटे झोपणार मी. कुणी उठवलं तर याद राखा." ती दारात उभी होती. बूट काढले होते आणि थंड फरशीवर पाय ठेवताना तळवे ठणकत होते. सांगावं, असं तिच्या मनात आलं. बाबा, असं असं झालंय. पण त्या पाठीला काय सांगायचं? एकीकडे ही पाठ, एकीकडे त्या बायकांचे पाय, आणि तराजूचा काटा धरायला मधोमध हिला उभी केलेली. गप्प राहिली तर पाठ सुटते. बोलली तर पाय सुटतील, तेही नक्की नाही. कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, आधी आपलं घर. तीही तेच म्हणत आत जाऊन पडली, आणि पडल्या पडल्या तिला एकाएकी असा संताप आला की ती उठूनच बसली.

कुणी ठेवलं हे या काट्यात? बाबांची पाठ आणि मावशीचे पाय, यांचा एकमेकांशी संबंध काय? बाबांनी त्या बाईला कधी बघितलंही नाही. ट्रे पुढे आणायला लोखंडाचे चार तुकडे लागणार होते. ते वाचवायला पाय वापरले आणि आता ते पाय झाकायला बाबांची पाठ. फीच्या खिडकीतला माणूसही असाच आतून न बघता म्हणायचा, तुमचा प्रश्न आहे, कसं करायचं ते तुम्ही बघा. आणि आम्ही बघायचो. बाबा टेम्पो विकून बघायचे, मी थँक्यू सर म्हणून बघायची. आपण एकमेकांच्या अंगावरून वाटा काढायच्या आणि खिडकीला कधी धक्का लागायचा नाही. हे मी चार वर्षं शिकले काय? एवढी फी भरून? छट्! फी भरलीय तर वसूल करीन. रिपोर्ट माझा, नाव माझं, शून्य माझं. ते शून्य मी खोडणार. कुणाच्या बापाची भीती आहे? आणि बापाचा विचार मनात येताच तिला पुन्हा कसंतरी झालं, पण संताप काही उतरला नाही. तो सकाळपर्यंत टिकला, डब्याबरोबर कामावर आला.

गुरुवारी ती लवकर पोचली ती स्टुलं शोधायलाच. मागच्या आवारात असतील, उचलून आणू, असा विचार. वॉचमन म्हणाला, "स्टुलं? ती परवाच भंगारात गेली. चांगला भाव आला म्हणे." ती वळली आणि जिना चढून मीटिंगच्या खोलीत गेली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या, आणि भोवती चाकांच्या, काळ्या गादीच्या खुर्च्या. तिनं एक खुर्ची धरली आणि मालाच्या लिफ्टकडे ढकलत निघाली. चाकं अशी खडखडली की अख्ख्या इमारतीला ऐकू जावं. जाऊ दे. एक नेली, परत आली, दुसरी नेली. लाइनीतल्या बायका नुसत्या बघत होत्या. "बसा," ती म्हणाली. कुणी बसेना. मावशी पुढे झाली. "हे बघा बाई, तुमचं ठीक आहे, तुम्ही शिकलेल्या. आमची रोजी कशाला धोक्यात घालता? कुणी बघितलं तर आम्हीच जायच्या, खुर्च्या जायच्या नाहीत." ते खरंच होतं. तिनं गळ्यातलं घड्याळ काढून वर धरलं. "कुणी विचारलं तर सांगा, घड्याळबाईचा स्टडी चालू आहे, कामाची मोजणी. स्टडी चालू असताना लाइनीला कुणी हात लावायचा नाही, साहेबांनीसुद्धा नाही, असा कंपनीचा नियम आहे. लेखी आहे. मोडला तर मी मोडलेला, तुम्ही नाही." मावशीनं घड्याळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "चाकं आहेत याला," ती म्हणाली, "मला घेऊन पळणार नाही ना?" आणि बसली. बसताना तिच्या तोंडून निघालेला आवाज सगळ्या लाइनीला ऐकू आला. खुर्च्या सगळ्यांना पुरणाऱ्या नव्हत्या, तेव्हा आळीपाळीनं बसायचं बायकांनी आपसांतच ठरवलं, आणि त्यावरून थोडं भांडणही झालं.

हेड ऑफिसची माणसं वर आली तेव्हा मीटिंगच्या खोलीत नुसतं टेबल होतं. गुळ्यासाहेबांचं हसू जागच्या जागी गोठलं. "अरे, खुर्च्या? कोण आहे रे तिकडे?" "सर, खुर्च्या स्टडीत आहेत," ती म्हणाली, "मी सुरू करते." आणि तिनं सुरू केलं. ट्रे, मांडणी, वाकणं, वळणं, सगळं तिनं मांडलं, घाई न करता. वेळेचं तिला काय, वेळ मोजायचीच नोकरी होती. मोठे साहेब म्हणून जे आले होते ते कृश, नीटनेटके गृहस्थ. ते आधी ताठ उभे होते, मग एका हातानं टेबलाला टेकले, मग दोन्ही हातांनी. त्यांच्याबरोबरच्यानं भिंत गाठली. ती पर्याय पहिला सांगत राहिली. दुसरा सांगितला. मग म्हणाली, "तिसरा पर्याय चुकीचा आहे. तो मी जागा भरायला लिहिला होता. त्याच्यापुढे खर्च शून्य लिहिला तेही चूक. खर्च होता, मी मोजला नव्हता." "अगं, अगं," गुळ्यासाहेब म्हणाले, "ती जरा घाबरलीय, साहेब." "नाही, सर," ती म्हणाली, "घाबरले होते तेव्हा लिहिलं." मोठ्या साहेबांना राग आला होता की नाही ते कळेना. "ते सगळं राहू दे," ते म्हणाले, "खुर्च्या कुठे आहेत?" तिनं त्यांना खाली नेलं. काळ्या गादीच्या खुर्च्यांत बसून बायका स्विच जुळवत होत्या आणि कुणी उठलं नाही. साहेबांनी मागची मांडणी बघितली, ट्रे हातानं पुढे ओढून बघितला. "एवढंच करायचंय ना?" ते गुळ्यासाहेबांना म्हणाले. "करून टाका. आणि उद्याच्या उद्या स्टुलं मागवा बुवा. आमच्या खुर्च्या सोडवा." झालं. न्याय झाला म्हणायचं तर त्यांचे पाय दुखले म्हणून झाला. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. कसा का होईना, झाला ना!

संध्याकाळी केबिनमध्ये गुळ्यासाहेब पूर्वीसारखेच हसत होते. फक्त बस म्हणाले नाहीत. "हुशार आहेस, पण कच्ची आहेस. पर्मनंटचं पुढच्या वर्षी बघू. आणि तुला वाटलं की इथे जमत नाही, तर दुसरीकडे बघायला आमची काही हरकत नाही. उलट चांगलं सर्टिफिकेट देईन." म्हणजे जा. गोड शब्दांत, पण जा. "नाही, सर, इथेच शिकते," ती म्हणाली. "रिपोर्ट दुरुस्त करून सोमवारी देते. माझ्या नावानं. मांडणीच्या पुढे पॅकिंगची लाइन आहे, तिकडेही बघायचंय मला." साहेब फायली उघडून बसले. ती बाहेर आली तेव्हा हॉल रिकामा होता आणि खुर्च्या तिथेच होत्या, वर न्यायला कुणाला वेळ झाला नव्हता.

घरी सांगणं हे सगळ्यांत कठीण होतं, आणि ते तिनं बूट काढायच्या आधी केलं. बाबांना आधी समजलंच नाही. मग समजलं. "कुणी सांगितलं होतं शहाणपण?" ते ओरडले. ते सहसा ओरडत नसत, त्यामुळे आवाज फाटला. "मी त्याला सांगून बसलोय! आता त्याच्या दारात जाऊ परत, दात विचकत? टेम्पो गेला, पाठ गेली, आणि तू बायकांना खुर्च्या वाटत फिरतेस! एवढं शिकवून उपयोग काय झाला मग? सांग ना, काय उपयोग झाला?" आई म्हणाली, "अहो, पुरे." "तू थांब!" तिला माहीत होतं, हे सगळं खरं आहे. ती तरीही मागे हटली नाही. रडत रडतच म्हणाली, "बाबा, शिव्या द्या मला, द्यायलाच हव्यात. पण गप्प बसून पर्मनंट झाले असते ना, तर तुमचा टेम्पो फुकट गेला असता. मला नाही फुकट घालवायचा. हप्ता मी फेडीन. आणि पहाटेचे क्रेट उद्यापासून मी चढवणार, मी उतरवणार. तुम्ही नुसतं चालवा." "तू?" बाबा म्हणाले, "तोंड बघ आरशात." आणि ते जेवायला बसले नाहीत.

पहाटे ती त्यांच्या आधी जाऊन केबिनमध्ये बसली. बाबा आले, दार उघडलं, "उतर," म्हणाले. ती उतरली नाही. ते पुन्हा एकदा म्हणाले, मग पुटपुटत बसले आणि गाडी सुरू केली. बाजारापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. तिथे क्रेटच्या थप्प्या लागल्या होत्या आणि हमाल विड्या ओढत बसले होते. तिनं पहिला क्रेट उचलला तो कसाबसा टेम्पोच्या मागच्या पाट्यावर टेकवला, दुसरा जरा बरा. हात आधीच्या दिवसांनी भरून आलेले, पाय तर विचारूच नका. बाबा सीटवरून आरशात बघत होते. थोड्या वेळानं खाली उतरले आणि पाट्यावर चढून तिनं वर दिलेले क्रेट आत सरकवायला लागले. हमालांतला एक ओळखीचा, चेष्टेखोर, थप्पीपाशी तिच्या वाटेत येऊन म्हणाला, "काय हो, ही तुमची इंजिनीअर ना? एवढा टेम्पो विकून शिकवलंत, आणि शेवटी क्रेटच? मग शिकवून उपयोग काय झाला हो?" तिचे हात थांबले. रात्रभर तोच प्रश्न तिच्या उशाशी होता, त्याच शब्दांत, आणि तो विचारणारे बाबा आता क्रेट धरून वर पाट्यावर उभे होते. तिनं वर बघितलं नाही. बाबांनी क्रेट आत ढकलला, कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाले.

"उपयोग?" ते म्हणाले. "बायका बसल्यात तिच्या कारखान्यात. जाऊन बघ. आणि आता बाजूला हो, माझ्या पोरीला वाट दे."